आधी हात बघा, मग पिस्तूल

(ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी, बोललो तसंच लिहून देतोय. थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी तेच.)



मागचे दोन भाग आपण दहा मीटर एअर पिस्तूलवर बोललो. त्यानंतर अकोला, अमरावती, वाशीम, अगदी पुण्यात नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांकडूनही एकच प्रश्न आला. 'दादा, आता मोठ्या कॅलिबरचं पिस्तूल मारायचं आहे. कोणतं चांगलं?' आणि प्रश्नासोबत तीन-चार कंपन्यांची नावं. वॉल्थर की पार्दिनी? मोरिनी की हॅमर्ली?

मी सरळ सांगतो. एकानेही मला त्याच्या हाताचं माप लिहून पाठवलं नाही. आणि माझं म्हणणं असं की प्रश्न तिथूनच सुरू होतो. हे मी पुस्तकातून नाही शिकलो, आठ महिने वाया घालवून शिकलो. ती गोष्ट सांगतो, पण त्याआधी पाच मिनिटं नियमांची. कारण आपल्याकडे 'मोठं कॅलिबर' म्हणजे नक्की काय, इथेच गडबड आहे.

सिनेमात बघून आपल्या डोक्यात ९ एमएम आणि .४५ बसलेलं असतं. भारतात हे दोन्ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. सैन्य आणि पोलीस वापरतात, साध्या परवान्यावर ते मिळत नाहीत. त्यामुळे आपल्या नेमबाजाच्या वाट्याला मोठं कॅलिबर म्हणजे .३२, ज्याला आपण बत्तीस बोअर म्हणतो. या पिस्तुलाची स्पर्धा आहे २५ मीटर सेंटर फायर. आंतरराष्ट्रीय नियमात तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं, आणि .३२ त्यात आरामात बसतं. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच मिनिटांत पाच याप्रमाणे. नंतरच्या ३० वेगात: टार्गेट सात सेकंद लपतं, तीन सेकंद दिसतं, त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच गोळी. एकाच हाताने. दुसरा हात खिशात.

ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून टीव्हीवर दिसत नाही. पण आपल्या देशाचं या स्पर्धेशी जुनं नातं आहे. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत यातच सुवर्ण घेतलं, आणि २००६ मध्ये दोहाला ६०० पैकी ५९० मारून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. हेच पुढे मनू भाकरचे प्रशिक्षक.

परवान्याचंही ऐकून घ्या. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. .२२ आणि .३२ ला लागतो. अकोल्यात असाल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, अमरावती शहरात असाल तर पोलीस आयुक्तांकडे, कारण तिथे आयुक्तालय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. दोनच जागा! त्यातली एक तुम्ही हाताला न बसणाऱ्या पिस्तुलावर घालवली, तर ते विकून दुसरं घेणं म्हणजे परत सगळी कागदपत्रं, परत सगळे हेलपाटे. बूट चुकला तर बदलून मिळतो, हे तसं नाही.

आता माझी गोष्ट.

मी बीटेक अमरावतीला केलं. कॉलेजला असताना एअर पिस्तूल सुरू केलं, बरं चाललं होतं. नोकरी लागली, पुण्याला गेलो, तिथे २५ मीटरची सोय मिळाली. एका रेंजवर क्लबचं .३२ हातात आलं. काय सांगू राजेहो, पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. पहिल्या पाच गोळ्या छान गेल्या. दुसऱ्या पाच बऱ्या. विसाव्या गोळीपर्यंत मी डोळे मिटायला लागलो होतो. ट्रिगर दाबायच्या आधीच मनगट खाली झुकायचं. पाच गोळ्यांत ५० पैकी कधी ३८, कधी ३५. वेगाच्या फेरीत तर दोन-दोन गोळ्या टार्गेटच्या बाहेर.

तिथे मला सांगण्यात आलं, 'तू घाबरतोस. मोठं पिस्तूल तुझं काम नाही.' आणि मी ते मानलं. मानलं म्हणजे पूर्ण मानलं. आपण तसेच असतो ना, कोणी जरा मोठ्या आवाजात सांगितलं की आपल्याला आपलीच चूक दिसते. आठ महिने मी रेंजवर गेलो नाही.

मग वर्क फ्रॉम होम मिळालं, अकोल्याला आलो. बाबांचे एक मित्र आहेत, पोलीस खात्यात शस्त्रं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. घरी चहाला आले होते. मी आपलं सहज सांगितलं की काका, मी .३२ सोडलं, भीती वाटते. काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, 'एक कागद आन अन् पेन आन.'

कागदावर माझा उजवा हात पसरवून ठेवला आणि पेनाने त्याची रेघ काढली, लहान पोरं काढतात तशी. मग विचारलं, 'बोट ट्रिगरले कुठी लागे?' मी म्हटलं, टोक लागायचं. 'गोळी सुटली की पकड हाले?' म्हटलं, दरवेळी. परत नीट धरावं लागायचं. 'मूठ कोन्त्या मापाची होती?' मला माहीतच नव्हतं! मी रेंजवरच्या मित्राला फोन लावला, त्याने बघून सांगितलं: एल. मोठी.

काका हसले. म्हणाले, 'जोडा घेतानी मानूस आपला पाय पायते का नाई? मंग पिस्तूल घेतानी हात काऊन नाई पायला? भेव तुह्या मनात नाई राजा, त्या मुठीत हाये.'

मी सॉफ्टवेअरवाला. आठ महिने मी माझ्याच कोडमध्ये बग शोधत होतो, आणि केबल सैल होती.

आता हे असं का होतं, ते थोडं हिशोबाने बघू. घाबरू नका, आठवीचं गणित आहे. गोळी पुढे जाते, तेवढाच धक्का पिस्तूल मागे देतं. गोळीचं वजन गुणिले वेग. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास. टार्गेट शूटिंगची .३२ ची गोळी वेगाने कमी, साधारण २३० मीटर, पण वजनाला ६.४ ग्रॅम. गुणाकार करा. .३२ चा धक्का .२२ च्या पावणेदोन पट येतो. तुलनेसाठी .४५ चा काढला तर साडेचार पट येईल. म्हणजे आपलं बत्तीस बोअर काही राक्षस नाही. धडधाकट माणसाला ते सहज पेलतं. पण पावणेदोन पट धक्का चुकीच्या जागी बसला की शरीर दहा गोळ्यांत शिकतं, 'हे दुखतं', आणि अकराव्या गोळीला आधीच दचकतं. याला धाडस उपयोगी नाही. शरीर खरं बोलत असतं.

दुसरी गोष्ट ट्रिगरची. एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, सेंटर फायरचा किमान १००० ग्रॅमचा. बोट दुप्पट जोर लावतं. बोट वाकडं लागत असेल तर ती चूकही दुप्पट दिसते. म्हणून एअर पिस्तूलमध्ये खपून गेलेली वाईट पकड .३२ मध्ये खपत नाही.

आणि हे दुःख आपल्या एकट्याचं नाही बरं. अमेरिकी सैन्याचं प्रसिद्ध .४५ पिस्तूल, मॉडेल १९११. पहिल्या महायुद्धात लाखो शिपायांच्या हातात गेलं, आणि मग कळलं की लहान हाताच्या माणसाचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. त्यांनी काय केलं? १९२० च्या दशकात पिस्तूल बदललं. ट्रिगर आखूड केला, ट्रिगरच्या मागे दोन्ही बाजूंनी धातू खरवडून बोटाला जागा केली, मुठीच्या मागच्या भागाला फुगवटा दिला. तेच पुढे १९११ए१. ब्रिटिशांनी तर .४५५ चं दणकट रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून .३८ घेतलं, कारण थोड्या प्रशिक्षणात साध्या शिपायाला ते आवरत होतं. आणि २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने नवं पिस्तूल निवडलं, त्याची मूठच वेगवेगळ्या मापांत बदलता येते. शंभर वर्षांत एवढ्या मोठ्या सैन्यांनी हेच शिकून घेतलं की हात बदलत नाही, पिस्तूल बदलावं लागतं. मग आपण का स्वतःला दोष द्यायचा?

चला, आता कामाचं. पिस्तूल ठरवायच्या आधी पाच गोष्टी तपासा. त्याआधी एक नियम, जो मोडायचा नाही: मॅगझिन काढलेलं, चेंबर रिकामं, स्वतः बघितलेलं आणि दुसऱ्याला दाखवलेलं, नळी टार्गेटकडे, आणि रेंजवरच्या जबाबदार माणसाची परवानगी. घरात, मित्रांमध्ये, फोटोसाठी, अजिबात नाही.

पहिली गोष्ट, बेचकी. अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर बसेल तितकं चांगलं. नळी हातापेक्षा जितकी उंच, तितका धक्का पिस्तुलाला वर उलटवतो. साधा तरफेचा नियम. बेचकी आणि मुठीच्या मध्ये फट दिसली की ती मूठ तुमची नाही.

दुसरी, बोट. बेचकी नीट बसवल्यावर तर्जनी ट्रिगरवर ठेवा. टोक आणि पहिलं पेर यांच्या मधला मऊ भाग ट्रिगरवर आला पाहिजे, आणि बाकीचं बोट पिस्तुलाच्या अंगाला घासायला नको. उजव्या हाताच्या माणसाचं नुसतं टोक लागत असेल तर दाबताना नळी डावीकडे ढकलली जाते. बोट फार आत गेलं तर उजवीकडे ओढली जाते. माझं टोक लागायचं, आणि माझ्या गोळ्या डावीकडे. तेव्हा मी साइट फिरवत बसलो होतो!

तिसरी, सरळ रेघ. हात लांब करा आणि मित्राला मागून बघायला सांगा. नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत हवा. मूठ मोठी असली की बोट पोचवायला आपण नकळत हात मुठीभोवती फिरवतो. मग धक्का तळहाताच्या मधोमध यायचा तो अंगठ्याच्या सांध्यावर येतो. दुखणं इथलं आहे. दर गोळीला पकड हलते तीही यामुळेच.

चौथी, खडूची परीक्षा. ही काकांची. शाळेचा खडू तळहाताला आणि बोटांना चोळा, मूठ नेहमीसारखी धरा, सोडा. पांढरं कुठे उमटलं बघा. तळहाताचा मोठा भाग कोराच राहिला असेल तर तिथे पोकळी आहे. करंगळी आणि अनामिकेने चिमटा काढल्यासारखं धरावं लागत असेल तर मूठ जाड आहे. बोटांची टोकं वळून तळहातातच रुतत असतील तर बारीक आहे.

पाचवी, डोळे मिटून. टार्गेटसमोर उभे राहा, डोळे बंद करा, हात वर आणा, डोळे उघडा. पुढचं साइट मागच्या खाचेत आपोआप आलं का? दहा वेळा करा. दहापैकी आठ वेळा आलं तर ते पिस्तूल तुमच्याशी बोलतं. दरवेळी मनगट वळवून साइट आणावं लागत असेल, तर तीन सेकंदांच्या फेरीत काय होईल विचार करा. तिथे वळवायला वेळच नसतो.

मध्येच एक मित्र विचारतो, 'मग हलकं पिस्तूल घेतलं तर? हात दुखणार नाही.' उलटं आहे गड्या. २०१४ मध्ये कानपूरहून निर्भीक नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आलं, महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून गाजलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये मावतं हे खरं, पण तोच धक्का अर्ध्या वजनाला मिळाला की शस्त्र दुप्पट वेगाने मागे येतं. हलकं म्हणजे सोपं, असं नसतं. आणि जड म्हणजे स्थिर, हेही अर्धंच खरं. सेंटर फायरमध्ये १४०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं, पण तेवढं एका हाताने ६० वेळा उचलून बघा. चाळिसाव्या वेळी खांदा सांगेल.

मूठ पूर्ण बसत नसेल तर लगेच पिस्तूल बदलायला धावू नका. टार्गेट पिस्तूलच्या मुठी बहुतेक अक्रोडाच्या लाकडाच्या असतात, वेगवेगळ्या मापांत मिळतात, डावखुऱ्यांसाठी वेगळ्या. तळहाताखालचा आधार वर-खाली सरकतो. बऱ्याच पिस्तुलांत ट्रिगर मागे-पुढे करता येतो. उरलेलं काम कानस, सँडपेपर आणि लाकडाची पुट्टी. जिथे टोचतं तिथे घासायचं, जिथे पोकळी आहे तिथे भरायचं. एका दिवशी थोडंच. घासलेलं परत येत नाही.

दोन सूचना. एक, मूठ मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. पुट्टीच्या नादात जाडी वाढली तर स्पर्धेच्या दिवशी तपासणीतच बाहेर. दोन, ही खास आपल्यासाठी. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हाने हात सुजतो, घाम येतो. मे मधल्या दुपारी घट्ट बसवलेली मूठ डिसेंबरच्या सकाळी सैल लागते. म्हणून शेवटचं माप थंड वेळी, दहा-पंधरा मिनिटं सराव झाल्यावर घ्या.

माझं पुढे काय झालं? पुण्याला परत गेलो, त्याच क्लबच्या त्याच .३२ ला मध्यम मूठ लावली. पहिल्याच दिवशी बोट नीट बसलं, पकड हलली नाही. पण खोटं नाही सांगणार, दचकणं लगेच गेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी शरीराने शिकलेलं विसरायला तीन महिने लागले. रिकाम्या पिस्तुलाचा सराव, मग पाच गोळ्या, मग दहा. आज पाच गोळ्यांत ४६-४७ येतात. विक्रम वगैरे नाही, पण डोळे उघडे असतात.

आणि आता ज्यासाठी हा भाग केला ते. माझी मामेबहीण अमरावतीला आहे, चौदा वर्षांची. एअर पिस्तूल मारते. दिवाळीत भेटली तर म्हणे, 'दादा, मी सोडून देतो. मले जमतच नाई.' घरचेही म्हणत होते, पोरीचा हात नाजूक आहे, राहू दे. मी काही बोललो नाही. खडू आणला. तळहाताचा अर्धा भाग कोरा! त्या पोरीच्या हातात मोठ्या माणसाची मूठ होती, सहा महिने. लहान मूठ मिळवून दिली. अजून मारते आहे. पदक येईल की नाही माहीत नाही, पण 'मला जमत नाही' हे वाक्य तिने स्वतःबद्दल परत म्हटलेलं नाही.

राही सरनोबत कोल्हापूरची. कोपराच्या दुखापतीने तिला बराच काळ थांबावं लागलं, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये शूट-ऑफ जिंकून ती सुवर्ण घेऊन आली. असं यश मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, पॅरिसला कांस्य जिंकलेला स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्याचा. महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या अकोल्यावरूनच कोल्हापूरला जाते की नाही? रस्ता एकच आहे. फक्त आपल्याकडे मोठी रेंज जवळ नाही, दाखवणारं माणूस कमी, म्हणून आपलं पोरगं पहिल्या चुकीच्या मुठीतच हार मानतं. निदान तेवढं तरी थांबवू.

तर काम सोपं आहे. आज रात्री एक कागद घ्या, हाताची रेघ काढा, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा, आणि तो कागद पाकिटात ठेवा. उद्या कोणी तुम्हाला पिस्तूल दाखवलं, नवं असो की जुनं, आधी तो कागद काढा. आणि कोणी म्हटलं की 'तू घाबरतोस', तर आधी विचारा, 'मूठ कोणत्या मापाची आहे?'

पुढच्या भागात रिकाम्या पिस्तुलाचा सराव. तोवर हात जपा. येतो राजेहो!